आरशातलं बोलणं

कॉलेजच्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दापोलीहून मालाडला घरी आले, ती झोपायचं ठरवूनच. शेतकी शिकणाऱ्या मुलांना भल्या पहाटे वाफ्यांत उभं करतात, त्यामुळे माझी झोपेची बाकी बरीच साठली होती. बेत साधा होता. तोंडावर ऊन येईपर्यंत झोपायचं, आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायचं आणि पुन्हा झोपायचं. आईने दारातच माझी पिशवी घेतली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "वाळलंस गो! जेव नि बेगीन नीज. सकाळी तुका गिऱ्हाईक होवचा आसा."

"कसलं गिऱ्हाईक? आणि तिखलं?"

"मासे आणूक कोणाक वेळ हा? आमटी-भात खा."

संपानंतर गिरणीने बाबांना परत घेतलं नव्हतं. घरी बसून बसून त्यांनी पेपरशी भांडणं सोडलं होतं, आणि भात तर कधीच मागून घेत नव्हते. आईला ते भाताचं जास्त लागायचं. मी होस्टेलला असताना ते रिक्षा शिकले होते. लायसन मिळालं, बॅज मिळाला, आईने खाकी शर्टही शिवून ठेवला. आमच्याच गल्लीतला एक रिक्षावाला दोन रिक्षांचा मालक होता. त्यातल्या एकीची दिवसपाळी तो बाबांना देणार होता. घोडं अडलं ते बाबांच्या कानाशी.

मागांच्या धडधडाटात उभा जन्म गेल्यावर कान शाबूत कसे राहणार? घरात समोरासमोर बोललं की बाबांना सगळं कळायचं. पण रिक्षाचं इंजिन सुरू झालं की मागचं अक्षर ऐकू येत नसे. पहिल्याच दिवशी गोरेगावला उतरणाऱ्या माणसाला, तो मागून ओरडत असताना, त्यांनी जोगेश्वरीला नेलं. त्या माणसाने गल्लीत येऊन तमाशा केला. मालक बाबांना म्हणाला, "बुवा, असं चाललं तर माझी वाट लागेल. रविवारी मी स्वतः मागे बसतो. जमलं तर गाडी तुमची. नाहीतर माफ करा, दुसरा ड्रायव्हर उभाच आहे." तोवर सकाळची रिकामी रिक्षा सरावाला न्यायची त्याने परवानगी दिली. तो माणूस वाईट नव्हता, पण मला त्याचा राग आलाच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही आरे कॉलनीच्या रस्त्याला लागलो. चालवण्यात बाबांना तोड नव्हती. गिअर कधी टाकायचा हे त्यांना मुठीतल्या थरथरीवरून कळायचं. मी मागून "डावीकडे!", "थांबा!", "उजवीकडे!" अशी बोंब मारत होते आणि बाबा समाधानाने सरळ चालले होते. एकदा तर आम्ही थेट म्हशींच्या गोठ्याच्या फाटकात जाऊन उभे राहिलो. गोठ्यातला भय्या माझ्याकडे बघून हसला. मला रडू येत होतं, पण ओरडून ओरडून त्यासाठीही घसा उरला नव्हता.

घरी आल्यावर झोप कुठली? डबे घासायचे होते, पोहे पाखडायचे होते, चकल्यांचा सोऱ्या शेजारून आणायचा होता. सुट्टीवर आलेली लेक म्हणजे फुकटची मोलकरीण, असं मी आईला घोगऱ्या आवाजात ऐकवलं. आईने माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. कोपऱ्यात दाढी करणारे बाबा मात्र खुदकन हसले.

आमच्या घराची ही जुनी रीत होती. मागांच्या आवाजात कामगार एकमेकांशी ओठांनीच बोलत. ती विद्या बाबांनी लग्नानंतर आईला शिकवली. एका खोलीत, पातळ भिंतींच्या चाळीत तिचा फार उपयोग. आईबाबांची भांडणं बिनआवाजी व्हायची आणि शेजारणी आपापल्या नवऱ्यांना आमच्या घराचा दाखला द्यायच्या. मला ती कला आली नाही. मी ओरडणाऱ्यांतली.

माझा घसा गेल्यामुळे पुढच्या सकाळी आईही आली. भिजत घातलेली चण्याची डाळ टाकून यावं लागलं म्हणून ती आधीच धुमसत होती. तिने दोनदा "उजवीकडे घेवा" म्हटलं. रिक्षा सरळच. मग तिने आवाज करणंच सोडलं आणि पदर कमरेला खोचून, आरामात, एक शब्द बाहेर न काढता बाबांची खरडपट्टी काढायला घेतली. मी तिच्या ओठांकडे बघत होते. समोर बघणारे बाबा एकदम मोठ्याने म्हणाले, "माझ्या आयशीचं नाव काढू नको हां!"

मी पुढे वाकले. चालकासमोरचा छोटा आरसा थोडा तिरका झाला होता आणि त्यात आईचा चेहरा अख्खा दिसत होता.

"आई, परत बोल. शिवी नको. डावीकडे म्हण."

आईने ओठ हलवले. रिक्षा डावीकडे वळली. माझा घसा नसूनही मी किंचाळले. बाबांना ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी आरशात बघितलं आणि दात काढून हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांचे दात बघत होते. त्या क्षणी मला वाटलं, झालं, जिंकलो.

रविवारी मालक मागे बसला. "पोरीलाही येऊ द्या," म्हणाला, म्हणून मी त्याच्या शेजारी अंग चोरून बसले. त्याच्या गालात तंबाखूचा तोबरा आणि ओठांवर भरघोस मिशी. हायवे ओलांडल्यावर तो मिशीतल्या मिशीत पुटपुटला, "डावीकडं घ्या." बाबांनी आरशात बघितलं. पुन्हा बघितलं. वळण जवळ येत होतं. मालकाचं लक्ष बाहेर होतं, म्हणून मी आरशाकडे तोंड करून नुसते ओठ हलवले: डावीकडे.

बाबांना ते दिसलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. मग रिक्षा कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळले.

"शेठ, मी कानाने कमी ऐकतो. गिरणीत गेले कान. हे मी आजवर तुमच्यापासून लपवलं. पण तोंड दिसलं तर मला सगळं कळतं. तुमचं दिसत नाही. तो तोबरा थुंका."

मालक म्हणाला, "म्हणजे काय सगळ्या गिऱ्हाइकांच्या तोंडात बघत बसणार?"

"बसताना सांगेन, आरशात बघून बोला म्हणून. नाही कळलं तर थांबून विचारेन. पण कुणाला भलतीकडे नेणार नाही."

बाबांना इतकं बोलताना मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मालकाने रस्त्याकडेला तोबरा थुंकला, मिशी दोन्ही बाजूंना सारली आणि शाळेतल्या मुलासारखा आरशासमोर सरळ बसला.

"डावीकडं," तो म्हणाला. बाबांनी इंजिन सुरू केलं आणि रिक्षा डावीकडे घेतली.

गल्लीत परतल्यावर त्याने चावी बाबांच्या हातातच राहू दिली. "उद्यापासून दिवसपाळी तुमची. आरसा तेवढा पुसत जा."

त्या रात्री बाबांनी भात मागून घेतला. आई वाढताना खाली बघत होती, कारण तिचे डोळे भरले होते.

सकाळी तिने रिक्षाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि बोहनी घरच्या लेकीचीच व्हायला हवी म्हणून हट्ट धरला. माझ्या हातात कापडी पिशवी देऊन मला मागे बसवलं. नव्या खाकी शर्टातले बाबा आरसा पुसत होते. मग त्यांनी अनोळखी माणसाला विचारावं तसं आरशातून मला विचारलं, "बोला ताई, कुठे जायचं?"

माझा घसा केव्हाच बरा झाला होता. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसते ओठ हलले.

"वर्सोवा," बाबा म्हणाले, "बांगडे आणायला," आणि त्यांनी मीटर पाडला.