लिंबाच्या झाडाचं हेल्मेट

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता रजिस्टरमधल्या जुन्या शाईसारखे पुसट झाले आहेत. एक घटना मात्र काल घडल्यासारखी आठवते. विशेष म्हणजे त्यात आरोपी कोणीच नव्हता.

निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. माझं पोलीस ठाणं कंधारहून नांदेडला येणाऱ्या रस्त्यावर. त्या सुमारास वरून आदेश आला, दुचाकी चालवणाऱ्यालाच नव्हे तर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं. विष्णुपुरीच्या अलीकडे आम्ही नाका लावला आणि रोज संध्याकाळी कारवाईचा आकडा साहेबांना कळवू लागलो. खोटं कशाला बोलू, आकडा मोठा असला की मला बरं वाटायचं.

आमच्या भागात एसटी चुकली की माणूस रस्त्याच्या कडेला हात करून उभा राहतो. गाडीवाला ओळखीचा असो नसो, थांबतो. आता अशा वाटसरूसाठी दुसरं हेल्मेट कोण घेऊन फिरणार? लोकांनी त्यावर तोडगा काढला. नाक्याच्या बऱ्याच अलीकडे लिंबाच्या झाडाखाली एक चहाचं हॉटेल होतं. तिथे फांदीला एक जुनं लाल हेल्मेट टांगलेलं असायचं. मागे बसणाऱ्याने ते घालायचं, नाका ओलांडायचा आणि पलीकडच्या पंक्चरच्या दुकानात ठेवायचं. उलट दिशेने येणारा कोणीतरी ते परत आणून फांदीला अडकवायचा. पट्ट्याचं बक्कल तुटलेलं, म्हणून हॉटेलवाला प्रत्येकाच्या हनुवटीखाली सुतळीची गाठ मारून द्यायचा. हे सगळं पोलिसांच्या नाकावर टिच्चून चाललेलं, आणि मला पत्ता नव्हता.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास हॉटेल आणि नाका यांच्या मधल्या नाल्यावरच्या मोरीजवळ एका मोटारसायकलसमोर रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. चालवणारा तिशीतला तरुण, जनावरांच्या औषधांच्या दुकानात कामाला. मी पोचलो तेव्हा तो रस्त्यावर बेशुद्ध पडला होता. डोक्यावर स्वतःचं हेल्मेट होतं, पार तडकलेलं, पण डोकं शाबूत. ॲम्ब्युलन्समध्ये घालून त्याला नांदेडला पाठवलं आणि पंचनामा सुरू केला. हवालदार म्हणाला, "साहेब, इथं एक जांभळी चप्पल हाय. बाईची दिसून राहिली."

"रस्त्यावर काय, चपला पडलेल्याच असतात," मी म्हणालो. "लिही आणि पुढे चल."

मग मोरीच्या कठड्यावर पाय ठेवून मी साहेबांना फोन लावला. वाऱ्यामुळे ओरडूनच बोलावं लागत होतं. "जखमी एकच आहे सर. हो, एकच. हेल्मेट होतं म्हणून वाचला." मोहिमेला यश आलं म्हणून साहेबही खूश झाले. तरुणाची बायको दवाखान्यात पोचली, तिनेही सांगितलं की घरून तो एकटाच निघाला होता. विषय मिटला असं समजून मी ठाण्यात येऊन जेवलो.

अडीचच्या सुमारास नाक्यावरच्या एका शिपायाने झाडावरच्या हेल्मेटची खबर आणली. माझं डोकं सटकलं. आपण उन्हातान्हात उभं राहायचं आणि या लोकांनी आपल्यालाच टोपी घालायची! गाडी पाठवून हॉटेलवाल्याला उचलून आणलं. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. खुर्चीत बस म्हटलं तरी उभाच राहिला.

"हेल्मेट कुठे आहे?"

"न्हाई साहेब."

"नाही म्हणजे? लपवलंस?"

"सकाळी नेलं ओ. परत आलं न्हाई."

"कोणी नेलं?"

"याद न्हाई."

एवढ्या वर्षांत खोटं बोलणारी माणसं पुष्कळ पाहिली. खोटं बोलणारा एक तर फार बोलतो, नाहीतर खाली बघतो. हा सारखा दाराबाहेर, रस्त्याकडे बघत होता. मला वाटलं पळायच्या बेतात आहे. मी आवाज चढवला, कलमं ऐकवली, हॉटेलला कुलूप लावीन म्हणालो. पंक्चरवाल्याला फोन लावला, तो म्हणाला आज लाल हेल्मेट आलंच नाही. मी म्हटलं, दोघं सामील आहेत. अर्धा तास हेच चाललं. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती आणि मला वाटत होतं, आता कबूल होतोय.

शेवटी त्याने हात जोडले. "साहेब, केस करा मपल्यावर, पर आदी आईका. तेच्यापाईच मी सकाळधरनं फिकर करून राहिलो. हेल्मेट त्या पडलेल्या पोरानं नेलं."

"खोटं बोलू नकोस. त्याच्या डोक्यावर त्याचं स्वतःचं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं."

"तेच्यासाठी न्हाई ओ. मागं बसलेल्या बाईसाठी. गाठ मीच मारली."

हवालदार माझ्याकडे बघत होता, आणि मला ती जांभळी चप्पल दिसत होती.

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?" मी ओरडलो, पण आवाजात दम नव्हता.

"मला वाटलं तिला बी दवाखान्यात नेलं आसंल, पर लोकं एकच जखमी म्हणून राहिले. आन् सांगावं तं तुमी हेल्मेटाचंच इचारून राहिलाव."

त्याला तसाच गाडीत घेतला. तिथवर वीस मिनिटं लागली असतील. सहा तास होऊन गेले होते. मोरीच्या एका बाजूचा कठडा तुटलेला, त्याखाली खोल नाला, आणि नाल्यात पुरुषभर वाढलेलं बेशरमच्या झुडपांचं रान. दिवस कलायला लागला होता. सकाळी मी याच जागेवर उभा होतो आणि एकदाही खाली वाकून पाहिलं नव्हतं. आम्ही सहा जण काठ्या घेऊन आत शिरलो. मी मनातल्या मनात देवाला काय काय कबूल करत होतो ते इथे लिहीत नाही.

हॉटेलवाल्यालाच आधी दिसलं. "साहेब, लाल!"

साठीची बाई होती. पाय मांडीपासून मोडलेला, अंगावर चिखल. हेल्मेट दगडावर आपटून एका बाजूने चेपलं होतं, पण सुतळीची गाठ पक्की होती. मी बोटं तिच्या नाकापाशी धरली आणि गरम श्वास लागला. हॉटेलवाल्यासमोर, शिपायांसमोर मी रडलो. तिने डोळे किलकिले करून म्हटलं, "ह्ये काढा आदी. लई जड हाय."

तिला कोणी शोधत नव्हतं, कारण घरच्यांना वाटलं ती लेकीकडे विष्णुपुरीला पोचली, आणि लेकीला ती येणार हेच माहीत नव्हतं. तरुण तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "मावशी कुठं हाय?" तिचं नावही त्याला माहीत नव्हतं.

चार दिवसांनी रायटरला घेऊन मी तिचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो. "जयभीम साहेब," म्हणत ती उशीला टेकून बसली. रोही कुठून आला, गाडी कशी घसरली, सगळं नीट सांगितलं. मग मी सवयीने विचारलं, पडल्यावर मदतीसाठी हाक मारली का?

"मारली की. घसा सुकला. त्या टोपराच्या आत आवाज कोंडून राहिलता. वर मोरीवर एक साहेब उभा व्हता, फोनवर बोलून राहिलता. एकच हाय, एकच हाय म्हणे. मी खालून म्हणून राहिले, न्हाई ओ, दोघं हाव आमी."

रायटरचा पेन थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"लिही," मी म्हणालो. "जसंच्या तसं लिही."

मग मी तिला सांगितलं, "मावशी, तो साहेब मीच होतो."

राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. "मंग कामून आईकू आलं न्हाई?" एवढंच तिने विचारलं. वारा होता, हे खरं. पण मला एकच जखमी हवा होता आणि तोही हेल्मेटवाला, हेही तितकंच खरं.

हॉटेलवाल्यावर मी केस केली नाही. पण झाडाला हेल्मेट पुन्हा टांगू दिलं नाही. बक्कल तुटलेलं हेल्मेट सगळ्यांनाच वाचवणार नाही, हे त्यालाही पटलं. ते चेपलेलं लाल हेल्मेट ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत चिठ्ठी लावून ठेवलं होतं. किल्ली मागून मी ते मधून मधून बघून येत असे.

निवृत्त होईपर्यंत जिथे जिथे अपघाताच्या ठिकाणी गेलो, तिथे आधी सगळ्या गाड्या बंद करायला लावायचो. बघ्यांना गप्प करायचो. मग खड्ड्यात, झाडीत, उसात तोंड करून ओरडायचो, "अजून कोणी आहे का?" आणि घड्याळ लावून मिनिटभर ऐकत उभा राहायचो. शिपाई मागे हसायचे, हसू दिलं. बहुतेक वेळा कोणीच नसायचं. तरी ते मिनिट पुरं झाल्याशिवाय मी कोणालाही फोन लावला नाही.