वर्ष ओलांडणारी शेव

नसीमाभाभी गेल्या, असा त्यांच्या धाकट्या दिरांचा रत्नागिरीहून फोन आला तेव्हा मी इथे आखातात, महबूल्यातल्या घरी भाजी चिरत होते. दफनही आटोपलं होतं. गॅस बंद केला. शेवटचं तोंडही पाहता आलं नाही, हे इतके आठवडे झाले तरी मनातून जात नाही.

भाभी आमच्या शेजारच्या दारातल्या. इथल्याच रुमैथिया भागात एका जपानी कुटुंबाकडे स्वयंपाक करायच्या. एकदा वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिथल्या बाईंनी करड्या रंगाची बारीक शेव हातात दिली आणि आज हीच करा म्हणाल्या. आता शेव दिसली की कोकणातल्या बाईचा हात नारळाकडे जाणारच. भाभींनी सरळ शिरवाळ्यांसारखी नारळाच्या दुधात गूळ-वेलची घालून वाढली! बाईंनी मुकाट्याने वाडगा संपवला आणि मग हसत सांगितलं, की ही तोशिकोशी सोबा, हिला खारट रस्सा लागतो. तोशी म्हणजे वर्ष, कोशी म्हणजे ओलांडणं आणि सोबा म्हणजे कुट्टू, उत्तरेकडे उपवासाला खातात तेच. शेव लांब म्हणून आयुष्य लांब, आणि पटकन तुटते म्हणून सरत्या वर्षाचं दुःखही तुटतं. कोणी म्हणतं, सोनार सांडलेला सोन्याचा चुरा याच पिठाच्या गोळ्याने टिपायचे, म्हणून ती बरकतीची. वाडग्यात मात्र काही उरू द्यायचं नाही. भाभींनी अर्थ तेवढा घेतला, रस्सा काही घेतला नाही.

इथल्या माझ्या पहिल्याच डिसेंबरात साताऱ्याला वडील गेले. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, व्हायचा होता, जाता आलं नाही. अन्नावरची वासनाच उडाली. एकतीसच्या संध्याकाळी भाभी तो गोड वाडगा घेऊन आल्या. "अगो, खा. बापाचं दुःख एका वाडग्यान तुटायचं नाय. पन तू तरी उभी ऱ्हाशील." हनुवटीला हात लावून समोर बसल्या, आणि वाडगा रिकामा होईपर्यंत हलल्या नाहीत. मी पोटभर रडले आणि पोटभर जेवलेसुद्धा. परक्या मुलखात असा शेजार मिळाला, भाग्यच म्हणायचं. पुढे दरवर्षी तो वाडगा आला.

भाभी इथलं काम सोडून कायमच्या गावी निघाल्या तेव्हा त्या शेवेचं एक पाकीट माझ्या फडताळात ठेवून गेल्या. परवा एकतीसला तेच उकळलं, नारळाचं दूध काढलं, गूळ घातला. पहिला घास घेतला आणि पुढे जाईना... वाडगा बाजूला सारला. माझी लेक इथेच जन्मलेली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. तिने तो पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

"फिनिश इट, आई. आय ॲम सिटिंग हिअर."

आणि हनुवटीला हात लावून समोर बसली. मी वाडगा संपवला.