पात्यावरचं चौथं नाव

आयुष्यात एकदाच मी माझ्या हाताने माझ्याविरुद्ध लिहून दिलं. त्याला तीसेक वर्षं होत आली, पण त्याचा राग अजून गेलेला नाही.

पनवेलच्या तळ्याजवळच्या माझ्या दुकानात मोडीतलं पितळ, जुने कंदील, घड्याळं, बोटींवरचे दिवे असायचे. गव्हाणच्या बाजूच्या मिठागरातून निघून, हातगाडीवर मोड गोळा करत मी ते उभं केलं होतं. गिऱ्हाईक वस्तू घेऊन आलं की आधी तिच्यात खोट काढायची, मग भाव विचारायचा, ही माझी रीत. नव्वदनंतरच्या एका नवरात्रात नवीन पनवेलहून एक निवृत्त लष्करी अधिकारी आले. पंचाहत्तरीचे, ताठ. त्यांनी कापडातून एक तलवार काढली आणि गल्ल्यासमोर आडवी ठेवली.

"डाग पडलेत, मूठ सैल आहे," मी म्हटलं. "फार तर भिंतीवर टांगायच्या कामाची. बोला."

"विकायला आणलेली नाही. म्यानाची ही कडी तुटली आहे, तेवढी बसवा. पात्याला हात लावू नका."

पात्यावर इंग्रजी अक्षरांच्या चार ओळी होत्या. त्यांनी बोट न टेकवता त्या दाखवल्या. तलवार त्यांच्या पलटणीची, त्यांच्या आजोबांच्या वयाची. पलटणीच्या निवृत्त होणाऱ्या एखाद्या प्रमुखाच्या हाती समारंभाने ती द्यायची आणि पात्यावर त्याचं नाव घालायचं. म्हातारपणापर्यंत त्याने ती सांभाळायची आणि पुढच्यासाठी परत पाठवायची. पहिली तीन नावं खोल कोरलेली होती. चौथं त्यांचं, तेजाबाने वरवर उठवलेलं. दसऱ्याला पलटणीची माणसं ती न्यायला येणार होती.

"पावतीवर चारही ओळी उतरवून घ्या," ते म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही लिहा."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. माझं डोकं फिरलं.

"साहेब, मी काय नावं चोरून नेणार आहे? आजवर माझ्याकडून असलं कुणी लिहून घेतलेलं नाही. विश्वास नसेल तर उचला."

त्यांनी कापडाची घडी घातली. "ठीक आहे, शेठ. पण पात्याला हात नाही."

मी पावतीवर लिहिलं: तलवार एक, कडी बसवणे.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजतो. हातोडी, पकड, तराजू, पॉलिशचं चाकसुद्धा. मळकं हत्यार पूजेला ठेवायचं नाही, हे बापाने शिकवलेलं. मिठागरातलं फावडंही तो विटेच्या भुकटीने घासून ठेवायचा. त्या सकाळी पूजेला मांडलेलं सगळं चमकत होतं आणि मधोमध ती डागाळलेली तलवार. कडी मी झकास बसवली होती, त्यामुळे पातं अधिकच भिकार दिसत होतं.

"दुसऱ्याची हाय ती," बायको म्हणाली. "हलद-कुकू लावा नि ठेवा. साहेबांनी 'हात लावू नका' सांगितलंय ना?"

"कळू दे साहेबाला, पनवेलात काम कसं होतं ते."

"पूजेसाठी नाय, तुमी खुन्नस म्हणून करताव."

खरं होतं ते. म्हणूनच मी चाक सुरू केलं. दोन मिनिटंही लागली नसतील. पातं आरशासारखं झालं. फडक्याने पुसून बघितलं तर तीनच ओळी. खाली नुसतं लखलखीत पोलाद आणि त्यात माझं तोंड.

बाजारात भांड्यांवर नावं घालणारा एकजण बसायचा. तलवार गोणपाटात गुंडाळून मी त्याच्याकडे धावलो. त्याचं मशीन झेंडूच्या माळेत पाटावर बसलेलं.

"आज नाही, शेठ. पूजेला बसलेलं हत्यार उद्यापर्यंत चालवत नाहीत. तुम्हाला मी सांगायचं?"

"दुप्पट घे."

"दहापट दिलेत तरी आज नाही. आणि नाव तरी काय घालायचं? सांगा."

मी आठवायला लागलो. ओळीत नाव होतं, हुद्दा होता, आणखी काहीतरी होतं. एक अक्षर मला आठवेना.

"'सप्रेम भेट' घालू? ते मला पाठ आहे," तो हसत म्हणाला. त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. पण तलवार माझ्याच हातात होती, म्हणून निघालो.

दसऱ्याला नऊ वाजता ते आले. इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं. मी सौदा मनात मांडून ठेवला होता: आधी कडी दाखवायची, मग डागांचं निमित्त, शेवटी भरपाई. त्यांनी कडीकडे पाहिलं, तलवार उपसली आणि पातं उजेडाकडे वळवलं. मग पहिल्यांदाच त्यावर बोट टेकवलं.

"केव्हा?"

"काल. पूजेसाठी."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. साहेब, किंमत बोला. तुम्ही म्हणाल ती."

ते स्टुलावर बसले. "अकराला ते येतील. पुढच्याचं नाव तिसऱ्याखाली घालतील. आणि माझं नाव घाला, असं मी माझ्या तोंडाने सांगणार नाही."

शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. त्यांनी माझं पावतीपुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही लिहा. काय होतं आणि कुणी पुसलं."

"हात लावू नका म्हणाला होतात, ते नको. पूजेसाठी घासली एवढंच लिहितो."

"खंडेनवमी होती, तेही खरं. मी मना केलं होतं, तेही खरं. दोन्ही लिहा."

"दुकानाचं नाव घालणार नाही."

"नका घालू. तुमचं घाला. पूर्ण, वाचता येईल असं."

तेवढं एकच मी त्या दिवशी कमी करून घेतलं. मग त्यांनी चारही ओळी अक्षर अक्षर सांगितल्या आणि मी त्या चित्रं काढावीत तशा काढल्या. चौथी ओळ सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. जाताना त्यांनी कडीची मजुरी गल्ल्यावर ठेवली. मी परत सरकवली, तर म्हणाले, "काम चांगलं झालं आहे." आणि गेले.

दिवाळीनंतर ते पुन्हा आले, पितळी कंदील बघायला. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "चौथी ओळ पुन्हा घातली. तुमच्या कागदावरून उतरवली, या वेळी खोल. पाचवं नाव तिच्याखाली."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. लगेच मी म्हटलं, "मग आता तो कागद परत द्या. त्याचं काम झालं."

"तो पाचव्याकडे काचेच्या पेटीत आहे, तलवारीखाली."

"साहेब, नाव परत आलं ना? मग हिशोब मिटला."

"नाही, शेठ," त्यांनी कंदील उचलून पाहत म्हटलं. "पाचवा, सहावा, जो कुणी येईल त्याला कळायला हवं की चौथी ओळ दोनदा का घातली. याचे किती?"

मी दुप्पट सांगितले. त्यांनी घासाघीस न करता दिले.