लवटे हवालदारांचं दार

रविवारी दुपारी लवटे हवालदार आमच्या घरी रश्शात भाकरी चुरून पोटभर जेवले आणि सोमवारी सकाळी कंपनीच्या फाटकावर त्यांनी मला विचारलं, "कोन आपन? कार्ड दाखवा."

मी म्हणालो, "हवालदार, काल आमच्याकडे जेवलात."

"जेवान झ्याक हुतं. कार्ड दाखवा."

शिरवळच्या त्या कंपनीत मी माल पाठवणीच्या विभागात होतो. त्या फाटकातून आत जाण्याचा अपमान मी नोकरीभर सोसला. समाधान एवढंच, की तो सर्वांना सारखा वाटला जाई. खंडेनवमीला यंत्रांची पूजा सांगायला आलेल्या गुरुजींचा नारळ हवालदारांनी कानाशी धरून हलवून पाहिला होता. डबा घेऊन आलेल्या स्वतःच्या बायकोला त्यांनी 'कुनाला भेटायचं हाय?' असं विचारलं, आणि ती माउली 'तुमालाच' म्हणाली तेव्हा 'ते ड्यूटीवर हायत' असं उत्तर दिलं. कुणी कुरकुरलं की त्यांचं वाक्य तयार असे : "वळख वळखीच्या जागी, कार्ड कार्डाच्या जागी."

मूळचे ते जतकडच्या कोरड्या रानातले, धनगराच्या घरातले. थोरला भाऊ मायाप्पा बापामागे मेंढरं राखत राहिला, धाकटा सिदाप्पा फौजेत गेला. तिथून हवालदार होऊन परतला तो आमच्या फाटकाला चिकटला. सीमेवर शत्रूला अडवण्याची हौस अपुरी राहिली असावी. ती त्यांनी आमच्यावर भागवली.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? तर त्यांनी आमच्याच कॉलनीत घर बांधलं आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी दर्शनी भाग सजवायला घेतला. घर दोन खोल्यांचं आणि दार वाड्याला शोभेल असं. मोबाइलवर एक बाई दार कसं सजवावं हे शिकवत असत. पाहुण्याआधी पाहुण्याचं मन घरात शिरलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हवालदारांनी आयुष्यात प्रथमच कुणाचं तरी बोलणं कार्ड न बघता आत घेतलं. साताऱ्याहून कोरीव सागवानी दार आलं, त्यावर सोंड उंचावलेले दोन हत्ती. पितळी अक्षरांत 'सुस्वागतम' आलं. फुलं तरंगत ठेवायची पितळी उरळी आली. माणूस जवळ आला की आपोआप लागणारा दिवा आला. तो कॉलनीतल्या कुत्र्यांचं रात्रभर यथासांग स्वागत करू लागला. भिंतीवर कुंड्यांची उभी बाग चढली. दाराची घंटा वाजली की आरतीची चाल ऐकू येई, त्यामुळे आत जाणारा माणूस उगीचच टाळ्या वाजवत उभा राही.

तालमीसाठी पाहुणा म्हणून ते मला बोलवत. "साहेब, तुमी पावनं व्हा. फाटकापास्नं चालत या, आन् कसं वाटलं त्ये खरं सांगा." मी येई, खरं सांगे, मग त्यात फेरफार होई आणि मी पुन्हा फाटकापासून येई. एका सकाळी इतक्या वेळा माझं स्वागत झालं, की मला आपल्या घरी जाण्याची ओढ लागली.

त्यातले काही फेरफार माझ्या बुद्धीपलीकडचे होते. आरशासारखी चकचकीत फरशी बसवून झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती उखडून तिथे खरबरीत शहाबादी आली. बाक बसवला, मग तो पुरता बुटका करून घेतला. चपलांच्या कपाटाशेजारी उंचावर एक जाड खुंटी ठोकली. ही कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, "काठीला." मी म्हणालो, की पाहुणा काठी घेऊन येतो असं शिरवळमधलं हे एकमेव घर ठरेल. ते हसले नाहीत.

एवढं होऊनही पाहुणे मात्र येईनात. ज्यांना आयुष्यभर उन्हात उभं केलं ते पितळी अक्षरं वाचून धावत येतील, ही अपेक्षा जरा जास्तच होती. जे येत त्यांनाही हवालदार दाराशी खुर्ची टाकून सामोरे जात आणि जुन्या सवयीने जीभ घसरे. सख्खी मेव्हणी मिठाईचा पुडा घेऊन आली तेव्हा 'सुस्वागतम'च्या खाली उभं राहून त्यांनी तिला विचारलं, "कुनाकडं जायचं हाय?" ती पुडा बाकावर ठेवून परत गेली.

वास्तुशांतीला जतकडून पाहुण्यांची एक जीप भरून आली. मायाप्पा आले नाहीत. हवालदार पंगत उठेपर्यंत फाटकाबाहेर उभे होते. मी आपली थट्टा केली, की हवालदार, आज कुणाला अडवणार आहात? ते आत निघून गेले. खरकटी उचलता उचलता हवालदारांच्या पत्नी सुमनवहिनी यांनी मला जे सांगितलं, त्यानंतर माझी थट्टा काही दिवस तरी बंद पडली.

काही वर्षांपूर्वी मायाप्पांची मेंढरं लोणंदच्या रानात बसलेली असताना गावाकडून निरोप आला, की आई अत्यवस्थ आहे. ड्यूटीवर रखवालदारांचे फोन काढून ठेवत, म्हणून मायाप्पा मिळेल त्या टेम्पोने कंपनीच्या फाटकाशी आले. त्या दिवशी नेमके परदेशी पाहुणे यायचे होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी अशा भावाला बघून हवालदारांनी दुरूनच हात वर केला आणि ड्यूटी सुटेपर्यंत रस्त्यापलीकडे थांबायला सांगितलं. काय काम आहे, हे विचारलं नाही. मायाप्पा दुपारपर्यंत थांबले आणि मग एकटेच जतला गेले. संध्याकाळी हवालदारांनी फोन हातात घेतला तेव्हा आई गेल्याची बातमी आली. ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानंतर मायाप्पा दर साली मेंढरं घेऊन इकडून पश्चिमेला जात, पण गावाबाहेरच्या रस्त्याने.

"ह्ये समदं दादांसाठी चाललंय," वहिनी म्हणाल्या. "चकचकीत फरशीवर त्यांचं पायतान घसरंल म्हून ती काढली."

त्या साली दिवाळीनंतर बाहेरचा रस्ता दुरुस्तीला खणून ठेवला होता. एका रविवारी मी हवालदारांकडे चहा पीत होतो, तोच कॉलनीच्या तोंडाशी धूळ उठली आणि बें-बें ऐकू येऊ लागलं. हवालदार कप ठेवून फाटकाशी गेले. कळपामागून मायाप्पा येत होते. उंच, वाळलेला, तांबड्या पटक्याचा म्हातारा. त्यांनी भावाला पाहिलं आणि नजर सरळ पुढे रस्त्यावर लावली. फौजेत न जाताही त्यांचं 'सामने देख' उत्तम होतं. एवढी स्वागताची सामग्री, पण 'ये' हे एक अक्षर हवालदारांना त्या मोबाइलवरच्या बाईंनी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात कळपापुढच्या शेळीला भिंतीवरची बाग दिसली. ती उघड्या फाटकातून आत शिरली. तिच्यामागे दुसरी, आणि मेंढरांचा स्वभाव असा, की पुढची गेली म्हणजे सगळी गेली. मी फाटक ओढायला धावलो, तर हवालदारांनी माझा हात धरला. "येऊ द्या," ते म्हणाले. कुंड्या साफ झाल्या, उरळीतली फुलं संपली, एका मेंढ्याने दारावरच्या हत्तीला धडक देऊन पाहिली, घंटेला कुणाचं तरी शिंग लागून आरती सुरू झाली. जन्मभर कुणालाही आत न सोडणारा तो गृहस्थ खांबासारखा बाजूला उभा होता.

मेंढरं बाहेर काढायची तर मायाप्पांना आत यावंच लागलं. काठी त्यांनी खुंटीला वगैरे लावली नाही. भिंतीला टेकवली आणि शेळीचा कान धरला.

"अडवायचं न्हाई व्हय?" त्यांनी शेळीकडे बघत विचारलं.

"न्हाई," हवालदार म्हणाले. "दादा, त्या दिशी काय सांगाय आलतास?"

मायाप्पांनी शेळीचा कान सोडला. "आई तुलाच हाका मारत हुती. तेवढंच सांगाय आलतो."

हवालदार खालीच, शहाबादीवर बसले. त्यांनी तोंडावर टोपी ओढली. मायाप्पा उभे होते, मग त्या बुटक्या बाकावर टेकले आणि म्हणाले, "पानी सांग."

वहिनींनी पाणी आणलं, भाकरी आणि ठेचा आणला. दोघे भाऊ मेंढरांच्या गर्दीत बसून जेवले. वहिनी घरात चला म्हणाल्या, तर मायाप्पा म्हणाले, मेंढरं सोडून कसं येऊ. ते खरं कारण होतं की नाही, देव जाणे. निघताना त्यांनी सांगितलं, की पोरगा ट्रकवर गेल्यामुळे यंदा कळपामागे माणूस कमी आहे. कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. हवालदारांनी मात्र आत जाऊन बूट घातले आणि ते कळपामागे चालू लागले.

मागे राहिलो वहिनी, मी आणि लेंड्यांचा सडा. वहिनींनी खराटा घेतला आणि सुपली माझ्या हातात दिली.

हवालदार परतले ते आठवड्याने. दाढी वाढलेली, तोंड रापलेलं, बुटांचे तळ सुटलेले. उंबऱ्याशी बसून ते पायातले काटे काढत होते. 'सुस्वागतम'मधला 'सु' मेंढ्याच्या धडकेने त्या रविवारीच निखळला होता. मी फाटकापासून चालत गेलो, तरी या वेळी कसं वाटलं हे त्यांनी विचारलं नाही.

"आवं, आत तरी या," वहिनी म्हणाल्या.

"येतो," ते म्हणाले. "जरा बसू दे. हितं बरं वाटतंय."