अर्ध्या मेंदूचा नवरा

माझी भाची मानसशास्त्र शिकते. गेल्या मे महिन्यात ती आंबे खायला आमच्याकडे रत्नागिरीला आली. जेवताना म्हणाली, लक्ष देण्याच्या कामात बायका मेंदूचे दोन्ही अर्धे वापरतात आणि पुरुषांचं बरंचसं एकाच अर्ध्यावर भागतं, असं काही अभ्यासक मानतात. पुढे हेही म्हणाली, की यावर पुष्कळ वाद आहेत आणि दोन पुरुषही एकसारखे नसतात. आमच्या ह्यांनी पहिलं वाक्य तेवढं उचललं. दुसऱ्याच्या वेळी ते आमरसाकडे वळले होते.

हे इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. संध्याकाळी पडवीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. मी स्वयंपाकघराच्या दारातून काही विचारलं तर उत्तर न देण्याची सवय जुनीच, आता तिला शास्त्राचा आधार मिळाला. आवाज चढवला की म्हणायचे, "अगो, तो अर्धा पेपरात गुंतलाय." एकदा मी गॅसवर दूध ठेवलं, लक्ष ठेवा म्हणून दारातूनच सांगितलं आणि शेजारी गेले. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, आणि त्याचं खापरही मेंदूवर फुटलं.

चारचौघींत हे सांगताना मी हसायचे. आतून मात्र धसका घेतला होता. नोकरीभर ह्यांच्या शिफ्ट आणि कंपनीची बस, त्यात निवांत बोलणं कधी झालंच नाही. निवृत्तीनंतर बोलू, असं मी मनाशी धरून होते. आता वेळच वेळ होता आणि ह्यांना माझं बोलणंच नकोसं झालंय, असं वाटायचं.

श्रावणात घरी सत्यनारायण होता. भटजींनी मला ह्यांच्या उजव्या हाताला बसवलं. कथा रंगात आली आणि मला आठवलं, प्रसादाच्या शिऱ्यात वेलची घालायची राहिली. मी स्वतःशीच पुटपुटले.

हे तितक्याच हळू म्हणाले, "असू दे, कोणाला कळत नाही."

मी चाट पडले. मग मुद्दाम आणखी हळू आवाजात भटजींच्या घोरल्यासारख्या सुरावर शेरा मारला, तर ह्यांना हसू आवरेना. एका अर्ध्यात कथा, शिरा आणि मी, सगळं मावलं होतं.

पाहुणे गेल्यावर हे पडवीत जाऊन बसले. स्वयंपाकघराचं दार त्यांच्या डाव्या हाताला येतं. मी तिथून विचारलं, चहा टाकू का. उत्तर नाही. उजवीकडे जाऊन तेवढ्याच आवाजात विचारलं, तर लगेच, आलं घाल म्हणाले.

मी समोर उभी राहिले आणि त्यांच्या डाव्या कानाला हात लावला. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. कारखान्यात मोठं यंत्र कायम डाव्या अंगाला असायचं, त्यात तो कान गेला. बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटायची. भाचीनं मेंदूचं काढलं तेव्हा बरं निमित्त मिळालं.

मला रागही आला आणि रडूही. इतके दिवस मी ज्याला कंटाळा समजत होते, तो कान होता. चहा राहिला बाजूला. मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या उजवीकडे बसले.

"बोल गो," ते म्हणाले. "राहिलेलं सगळं."

एवढं साठवलेलं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना. तोंडातून सवयीचंच निघालं, "ऐकताय ना?"

"ऐकतोय," ते म्हणाले.