बेसिनखालची डावी बाजू

दादामिस्त्रीला अकरा वर्षं एकच गोष्ट हवी होती, धाकट्या भावाचा फोन. स्वतः लावायचा मात्र नाही! "मोठा मी. वाकायचं तर त्यानं," म्हणायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

दोघं मिळून सुतारकाम करायचे तेव्हा वाटणी ठरलेली. समोर उभं राहिलं की कपाटाची डावी बाजू दादाची, उजवी धाकट्याची. दादाचा हात झरझर चालायचा, धाकट्याचा रेंगाळायचा. प्लायची जमिनीकडची कड कुणाच्या बापाला दिसत नाही, पण हा पठ्ठ्या उकिडवा बसून तिला ऑइलपेंटचे दोन हात देणार, वर प्रत्येक स्क्रूची खाच उभीच्या उभी आणून ठेवणार. एकदा गिऱ्हाइकासमोरच दादा कडाडला, "तुझ्या या लाडांपायी धंदा बसेल माझा!" धाकट्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. हत्यारांची पेटी उचलली आणि दुसऱ्या गावी निघून गेला.

तेव्हापासून दादा एकटाच. अजून टेप ओढताना पलीकडचं टोक कुणीतरी धरेल म्हणून त्याचा हात थबकायचा. आठवण यायची. फार यायची. पण बोलणार कुणापाशी? बायकोजवळ विषय काढला की ती म्हणायची, "मग करा ना फोन!" आणि हा लगेच एखादी फळी तासायला बसायचा.

परवा त्याला सिस्टरनी बोलावलं. नर्सची नोकरी संपून बारा वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. त्यांच्या बाथरूममधलं बेसिनखालचं कपाट पाण्यानं फुगलं होतं.

"काढून टाका हे, नवं प्लास्टिकचं बसवा," सिस्टर म्हणाल्या.

"का म्हणून? दारं ठणठणीत आहेत. माणूस लंगडला म्हणून तुम्ही त्याला फेकून देत होता का?"

"बरं बाबा, करा काय ते! तुम्हा दोघा भावांनीच केलंय, तुम्हीच निस्तरा."

दादानं कान टवकारले. पाईपचा जोड बघायला तो फरशीवर उताणा झोपला आणि डोकं कपाटात घातलं. वॉशर गेला होता, थेंब थेंब गळत होतं. एका बाजूचा तळ चहात बुडवलेल्या पावासारखा झाला होता. दुसरी बाजू कोरडीठाक. सडलेली बाजू त्याच्या उजव्या हाताला होती.

उजवी! म्हणजे धाकट्याची! दादाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अकरा वर्षांत फोन करायला सापडलेलं हे पहिलं निमित्त. 'तुझं काम सडलंय, ये आणि बघ.' यात वाकणं कुठे आलं? उलट कान धरायला मिळणार. तो नक्की येईल. आला की आधी शिव्या घालू, मग जेवायला घरी नेऊ. दादानं इथवर बेत रचला आणि स्क्रू काढायला पेचकस लावला.

खाचा कशाही होत्या. एक आडवी, एक तिरकी, एक मेली अर्धवटच पिळलेली. दादानं मान वळवून कोरड्या बाजूकडे पाहिलं. तिकडे सगळ्या खाचा उभ्या, शाळेतल्या रांगेसारख्या. उताणं झोपलं की डावं-उजवं फिरतं, हे चाळीस वर्षं कपाटं बनवणारा माणूस आनंदाच्या भरात विसरला होता. सडली होती ती त्याचीच बाजू. खालच्या कडेला रंगाचा टिपूसही नव्हता.

तो तसाच पडून राहिला.

"मिस्त्री, लागलं का काही?" सिस्टरनी विचारलं.

"लागलं हो," दादा म्हणाला, आणि उठून कामाला लागला.

वॉशर बदलला. सडलेला चार बोटं भाग कापून तिथे नवा तुकडा सांधला. मग उकिडवा बसून त्यानं खालच्या कडेला रंग दिला. गुडघे बोंबलत होते. पहिला हात सुकेपर्यंत करायला काहीच नव्हतं. निमित्तही उरलं नव्हतं. आता फोन करायचा तर नुसताच करायचा, रिकाम्या हातानं. त्याला रडूच आलं. मग त्यानं नंबर लावला.

"हॅलो?" आवाज तोच, जरा जाड झालेला.

"चूक माझी होती," दादा एका दमात म्हणाला. कोण, कुठून, काही नाही.

मग सावकाश उत्तर आलं, "राँग नंबर दिसतोय. माझा दादा असं कधी म्हणायचा नाही."

"नव्हताच म्हणत रे."

धाकट्यानं फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. दादा ओल्या फरशीवर बसून तेवढंच ऐकत राहिला.