धोंडप्पांची दुसरी सही

धोंडप्पांचं वय एकाहत्तर, आणि गुडघे त्याहून म्हातारे. तरी दर रविवारी पहाटे उठून ते पाखरं बघायच्या आधी माणसं उठवायला बसतात. भालकीच्या पक्षी मंडळात त्यांना सोडून माणसं सतरा. सतरा फोन करावेत, सतरा वेळा "निघालोच अप्पा" ऐकावं, आणि बसस्टँडवर जाऊन बघावं तर चार टाळकी. बारा वर्षं हेच चाललंय. साखर कारखान्यातली फिटरची नोकरी परवडली, तिथे निदान भोंगा झाला की माणसं यायची, असं ते बायकोला म्हणत. गुरुबाई चहाचा कप आदळून विचारत, "मग कामून जायलाव? झोपा की." मंडळ त्यांनीच काढलेलं, आता बंद कोणी करायचं?

मंडळाचा नियमही त्यांचाच. दिसलेलं पाखरू एकानं बघितलं तरी वहीत जाईल. नुसतं ऐकलेलं मात्र दोघांनी ऐकून दोघांनी सही केली तरच. या नियमापायी त्यांनी एकदा एका मोठ्या साहेबानं एकट्यानं ऐकलेलं घुबड तोंडावर नाकारलं होतं. पहिली सही बहुधा मंगलची. ती दवाखान्यात नर्स, कानाची तिखट, वहीही तिच्याच घरी असे. दुसरी सही धोंडप्पांची.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. वर्ष झालं, त्यांना बारीक आवाज ऐकूच येत नव्हते. टिटवी यायची, कावळा यायचा; शिंजीर, वटवट्या ही चिमुकली पाखरं मात्र गेली ती गेलीच. मंगल हात वर करून नाव घेई आणि अप्पा मान डोलावून सही ठोकत. खरं सांगितलं तर मंडळात आपण नुसते फोन करणारे उरू, ही धास्ती. म्हणून हात थांबत नसे.

परवाच्या रविवारी तळ्याच्या बांधावर मंगलचा हात वर गेला. अप्पांनी लगेच डोळे मिटले.

"व्हय, व्हय. वटवट्या. लिही."

मंगल तशीच उभी. मग हळूच म्हणाली, "अप्पा, मी ओढणी सारखी करायले. अजून कायबी वरडलं न्हाई."

मोबाईलचं दुकान असलेला अरुणकुमार दुर्बीण लावून उगाच रिकाम्या आभाळात बघू लागला. धोंडप्पांची कानशिलं तापली. त्यांनी वही ओढून घेतली आणि वर्षभराच्या आपल्या सह्या खोडायला बसले. पहिल्याच पानावर पेन थांबलं. त्यांच्या सहीखाली बारीक अक्षरात तिसरी सही होती, अरुणकुमारची. पुढच्या पानावरही. सगळीकडेच.

"कवापासून?"

"दिवाळीच्याबी आधीपासून," मंगल म्हणाली. "यादी खोटी व्हऊ न्हाई म्हणून."

"मग मला कामून आणायलाव हितं?"

"आमी कुठं आणायलाव? तुमीच फोन करून उठवायलाव. अप्पा एवढं करायलेत, न्हाई कसं म्हणावं, म्हणून आमी यायलाव."

म्हणजे ते मंडळासाठी उठत होते आणि मंडळ त्यांच्यासाठी. अप्पांना हसू आलं नाही. बारा वर्षांचा शीण घेऊन ते तिथेच मातीत बसून राहिले. त्यांनी एकेक करून सगळ्या सह्या खोडल्या.

समोरच्या लव्हाळ्यात काहीतरी हललं. अंगठ्याएवढं पाखरू, शेपूट वर, चोच उघडी, गळा थरथरत होता. आवाज मात्र नाही.

"अरुण, वरडायलाय का रे?"

"व्हय अप्पा. लई जोरात."

अप्पांनी वही मांडीवर घेतली. 'वटवट्या. दिसला,' असं लिहिलं आणि पुढे सही केली. दिसलेल्याला एकाचीच लागते.